आपला धूर आपण मोजायचा की दुसऱ्याने?

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

१९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने, म्हणजे ईपीएने, एक आकडा मांडला. भारतातल्या भातशेतीतून दरवर्षी ३ कोटी ७८ लाख टन मिथेन हवेत जातो, असा. हा आकडा काढायला कुणी भंडाऱ्याच्या किंवा कर्जतच्या बांधावर आलं नव्हतं. युरोप-अमेरिकेतल्या शेतांवर घेतलेली मोजमापं हाताशी होती. ती आपल्या एकूण भातक्षेत्राला लावली, गुणाकार केला, झालं काम.

त्याच काळात वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने जगातल्या सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्या देशांची यादी छापली. पहिल्या पाचांत ब्राझील, चीन आणि भारत. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली एक पुस्तिका लिहून त्या यादीची चिरफाड केली. पोटासाठी भात लावणाऱ्याचा वायू आणि चैनीसाठी गाडी फिरवणाऱ्याचा वायू एका तराजूत घालता कसे, हा त्यांचा सवाल होता. ती पुस्तिका जगभर गाजली, आजही तिचे दाखले दिले जातात.

पण त्याच वेळी दुसरंही एक उत्तर दिलं गेलं, ते फारसं कुणाला माहीत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत डॉ. ए. पी. मित्रा नावाचे शास्त्रज्ञ होते. आयनांबराचा, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी परतवणाऱ्या थराचा अभ्यास करणारा माणूस. त्यांच्या पुढाकाराने १९९१ साली देशभरातल्या संस्था एकत्र आल्या आणि भातखाचरांत उतरून प्रत्यक्ष मोजणी झाली. पद्धत ऐकायला साधी आहे. रोपांवर पर्स्पेक्सची पारदर्शक पेटी ठेवायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढायची, ती प्रयोगशाळेत नेऊन गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासायची. हे चिखलात, उन्हात, लावणीपासून कापणीपर्यंत करायचं.

उत्तर आलं सुमारे ४० लाख टन. अमेरिकन अंदाजाच्या साधारण एक नवमांश.

कारणही समजलं. आपल्याकडचं सगळं भात महिनोन्महिने तुडुंब पाण्यात उभं नसतं. बराच भाग पावसावरचा, मध्येच पाणी ओसरतं, जमीन उघडी पडते, भेगा पडतात. मिथेन तयार करणारे जंतू हवेशिवायच्या चिखलात वाढतात. चिखलात हवा शिरली की त्यांचा कारभार आटोपतो. पुढे आपल्या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या पद्धतीप्रमाणे वेगवेगळे दर बसवले. सतत पाणी भरलेल्या शेताला हंगामात हेक्टरी १६२ किलो मिथेन, एकदा पाणी तोडलेल्याला ६६ किलो, अनेकदा तोडलेल्याला १८ किलो. एकच पीक, एकच देश, आणि दरात नऊपट फरक! तिकडचा एक दर उचलून इकडे सगळीकडे लावला की काय होतं, ते यावरून कळतं.

ही जुनी गोष्ट आज काढली, कारण सध्या बातम्यांत नेट झिरो, कार्बन क्रेडिट, कार्बन टॅक्स हे शब्द रोज येतात आणि चर्चा लगेच 'पाश्चात्त्यांचं ढोंग' विरुद्ध 'पृथ्वी जळतेय' अशा दोन तंबूंत जाऊन बसते. या सगळ्याच्या खाली जी खातेवही आहे, ती कोण लिहितं, कशी लिहितं, याकडे कुणाचं लक्ष नाही. माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे.

तर खातेवही कशी असते? तत्त्व अगदी किराणा दुकानाचं. एका रकान्यात नग, दुसऱ्यात दर, गुणाकार करून बेरीज. नग म्हणजे किती टन कोळसा जाळला, किती गायी, किती हेक्टर भात, किती टन सिमेंट. दर म्हणजे त्या एका नगामागे किती वायू. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीने याची नियमावली केली आहे, हल्ली २००६ सालची वापरतात. ज्या देशाकडे स्वतःचे दर नाहीत, त्याच्यासाठी नियमावलीत तयार दर छापलेले आहेत. ते वापरायला परवानगी आहे. पण ते रेडीमेड कपड्यासारखे, कुणाच्याच अंगाला नीट बसत नाहीत.

गायीचं उदाहरण घ्या. रवंथ करताना गाय मिथेन सोडते. नियमावलीत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गायीसाठी वर्षाला ५८ किलो हा तयार दर आहे. आपल्या शास्त्रज्ञांनी इथल्या जनावरांचं वजन, चारा, दूध पाहून काढलेला दर देशी दुभत्या गायीसाठी २८ किलो, संकरितसाठी ४३ किलो आणि दुभत्या म्हशीसाठी ५० किलो. समजा एका तालुक्यात दहा हजार देशी दुभत्या गायी आहेत. तयार दराने त्यांच्या नावावर ५८० टन मिथेन पडतो, आपल्या दराने २८० टन. गाय तीच, गोठा तोच, वैरण तीच.

आणि इथेच पुढची गोम आहे. दर जातीप्रमाणे वेगळे केले की जनावरांची मोजणीही जातीप्रमाणे लागते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी गोवंश आणि ११ कोटींच्या आसपास म्हशी आहेत. त्यातल्या देशी किती, संकरित किती, दुभत्या किती, भाकड किती, हे गणनेच्या माणसाने दारात उभं राहून काय टिपलं त्यावर ठरतं. संगमनेर-राहुरीकडे गोठ्यांतून खिलार जाऊन एचएफ आली, त्याने प्रत्येक जनावरामागचा वायू वाढला पण लिटरमागचा घटला. धोरण ठरवणाऱ्याला हे दोन्ही दिसायला हवं. ते दिसणार गणनेच्या त्या कागदातूनच. म्हणजे दिल्लीतल्या अहवालाचं पहिलं पान आपल्या पशुधन पर्यवेक्षकाच्या हातात असतं. त्याला हे कुणी सांगितलंय का, हा प्रश्न विचारून बघा.

कोळशाचंही तसंच. आपला कोळसा राखेचा, कमी उष्णतेचा. चंद्रपूरच्या वीज केंद्रात काम केलेल्या कुणालाही विचारा, राखेवर तो तासभर बोलेल. भारताने २००४ साली जो पहिला राष्ट्रीय अहवाल संयुक्त राष्ट्रांना दिला, त्यासाठी देशी कोळशाची उष्णता मोजून काढली होती. साध्या, म्हणजे पोलादासाठी न वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या हजार टनांतून १९.६३ टेराज्यूल. नियमावलीच्या कोष्टकातला तयार आकडा २५.८. तो तसाच उचलला असता तर दर टन कोळशामागे जवळपास एक तृतीयांश जास्त उष्णता आपल्या नावावर लागली असती, आणि तिच्याबरोबर धूरही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे स्वतः मोजलं की आकडा कमी येतो, हाच फायदा? नाही. आणि असं समजणं धोक्याचं आहे. त्यासाठी मुंबईला या.

२०२२ साली नेदरलँड्सच्या अवकाश संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उपग्रहावरून चार शहरांच्या कचराभूमींचा मिथेन मोजून प्रसिद्ध केला. ब्यूनस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई. त्यांचा निष्कर्ष असा की जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रचलित अंदाजांपेक्षा या शहरांचा मिथेन १.४ ते २.६ पट जास्त निघतो. १९९० मध्ये परक्याने खुर्चीत बसून गुणाकार केला होता, त्याला आपण शेतात उतरून उत्तर देऊ शकलो. आता परका वरून प्रत्यक्ष बघतोय, कांजूरमार्ग कुठे आहे हे त्याला नेमकं माहीत आहे, आणि या वेळी आकडा चढा निघतोय. याला उत्तर द्यायला किंवा निदान हो म्हणायला आपल्याकडे काय आहे?

कचऱ्याचा हिशेब भारी किचकट असतो. आज टाकलेला कचरा आज मिथेन देत नाही. तो वर्षानुवर्षं कुजत राहतो, म्हणून आजचा वायू काढायला मागच्या कित्येक वर्षांचा कचरा माहीत असावा लागतो. आयपीसीसीची पद्धत तर पन्नास वर्षांपर्यंत मागे जायला सांगते. १९७५ साली देवनारला किती गाड्या रिकाम्या झाल्या, त्यात ओला किती, राडारोडा किती? आपल्या अनेक नगरपालिकांत आजही कचरा डेपोवरच्या वजनकाट्याची अवस्था काय असते हे मी लिहायची गरज नाही. काटा बंद, गाडी भरली तर इतके टन असं ठरलेलं, आणि ठेकेदाराचं बिल त्यावर. या कागदावरून आधी लोकसंख्येचा अंदाज, मग माणशी कचऱ्याचा अंदाज, मग त्यातल्या कुजणाऱ्या भागाचा अंदाज. लोकसंख्येचंच बघा ना. २०११ नंतर जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची. अंदाजावर अंदाज रचत गेलेल्या या इमारतीचा राष्ट्रीय हिशेब करायचं काम आपल्या नागपूरच्या नीरीकडे असतं. चांगली माणसं आहेत तिथे. पण खालून येणारी नोंदच पोकळ असेल तर नागपूरचा शास्त्रज्ञ काय जादू करणार?

आता देशाच्या पातळीवर हे यंत्र कसं चालतं ते थोडक्यात. हवामान बदलाचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ चा. त्याखाली श्रीमंत देशांनी दरवर्षी हिशेब द्यायचा, विकसनशील देशांनी अधूनमधून. भारताने पहिला राष्ट्रीय अहवाल दिला २००४ मध्ये, हिशेब होता १९९४ चा. दुसरा २०१२ मध्ये, हिशेब २००० चा. मध्ये २०१० साली जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना २००७ चा हिशेब आपण होऊन जाहीर केला, ती चांगली उडी होती. मग दर दोन वर्षांनी द्यायचे अहवाल आले. पहिला २०१६ साली, हिशेब २०१० चा. दुसरा २०१८ अखेर, हिशेब २०१४ चा. तिसरा २०२१ मध्ये, हिशेब २०१६ चा. तिसरा राष्ट्रीय अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये, हिशेब २०१९ चा. चौथा द्वैवार्षिक अहवाल ३० डिसेंबर २०२४ ला, हिशेब २०२० चा.

हा क्रम वाचला तर दोन गोष्टी दिसतात. एक, अंतर घटतंय. दहा-बारा वर्षांवरून चारवर आलं, हे यश आहे आणि ते कबूल केलं पाहिजे. दुसरी, अजूनही आपण चार वर्षांपूर्वीच्या आरशात तोंड बघतो. त्यातही मुख्य हिशेब सुट्या वर्षांचे. २०२० चा आकडा आला तेव्हा वर्षभरात ७.९३ टक्के घट झाल्याचं छापून आलं. अहो, २०२० साली देश घरात बसला होता! त्या घटीत लॉकडाउन किती आणि सौरऊर्जा किती, हे पुढच्या वर्षांचे आकडे लगेच शेजारी ठेवले तरच कळतं. व्हॉट्सॲपवर मात्र 'भारताने करून दाखवलं' सुरू झालं होतं.

बाकी २०२० चं चित्र माहीत असू द्या. एकूण सुमारे २९६ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका वायू, जंगल-जमिनीने शोषलेला वजा जाता सुमारे २४४ कोटी टन. त्यात तीन चतुर्थांशांहून थोडा जास्त वाटा ऊर्जेचा, शेतीचा जेमतेम १४ टक्के. माणशी काढलं तर निव्वळ पावणेदोन टनांच्या आसपास. 'आपण माणशी इतकं कमी सोडतो, मग आपल्यावर बंधनं का?' हा आपला सर्वांत मोठा आणि रास्त युक्तिवाद आहे. मला तो पूर्ण मान्य आहे. पण त्या भागाकारातला वरचा आकडा कुठून आला? याच खातेवहीतून. ज्यांना समानतेच्या बाजूने भांडायचंय, त्यांनी तर मोजणीसाठी सगळ्यात आधी हट्ट धरायला हवा.

आता दुखणं कुठे आहे ते. हे सगळं काम अजूनही 'प्रकल्प' म्हणून चालतं. पर्यावरण मंत्रालय वेगवेगळ्या संस्थांना काम वाटून देतं, शेतीचं कृषी संशोधन संस्थांना, जंगलाचं डेहराडूनच्या वनसर्वेक्षणाला, कचऱ्याचं नीरीला. राष्ट्रीय अहवालांचा पैसा आला ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी या आंतरराष्ट्रीय निधीतून, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत. प्रकल्पाची सवय आपल्याला माहीत आहे. निधी आला की पोरं कंत्राटावर भरायची. ती दोन वर्षांत काम शिकतात, कुठल्या खात्याच्या कोणत्या तक्त्यात कोणता आकडा लपलाय हे त्यांच्या बोटांवर येतं, आणि मग अहवाल जातो, प्रकल्प संपतो, पोरं दुसरीकडे नोकरीला. पुढच्या अहवालाला नवी पोरं, पुन्हा पहिल्यापासून तीच वणवण. खातेवही टिकते, खातं लिहिणारा टिकत नाही.

जपानने २००२ साली आपल्या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेत फक्त या कामासाठी कायमचं कार्यालय उघडलं. मोठं नाही, पण कायमचं. तीच माणसं दरवर्षी तोच हिशेब करतात, मागच्या वर्षाच्या चुका दुरुस्त करतात, जुन्या वर्षांचे आकडे नव्या पद्धतीने पुन्हा काढतात. २००३ पासून आशियातल्या देशांना बोलावून ते याच विषयावर कार्यशाळाही भरवतात, आपली माणसं तिथे जातात. म्हणजे कौशल्याचा तुटवडा नाही. तुटवडा आहे खुर्चीचा.

आणि आपल्याला कायमचं मोजता येतं, याचा पुरावा घरातच आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण २००६ पासून देशातल्या वीज केंद्रांच्या कार्बनची यादी प्रसिद्ध करतं, केंद्रनिहाय, सगळ्यांना उघडी. ती का सुरू झाली? कारण क्योटो कराराखाली कार्बन क्रेडिट विकणाऱ्या पवनचक्की आणि बगॅसवाल्यांना ग्रिडचा अधिकृत दर हवा होता. त्यात पैसा होता, म्हणून मोजणी सुरू झाली, आणि एकदा सुरू झाली ती थांबली नाही. मला हे फार बोलकं वाटतं. जिथे कुणाचं तरी बिल अडतं, तिथे आपला वजनकाटा चालू असतो.

आता तर बिल सगळ्यांचंच अडणार आहे. युरोपने सीमेवर कार्बन आकारणी आणली, १ जानेवारी २०२६ पासून तिचा खरा टप्पा सुरू झाला. लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत. त्यात नट-बोल्टही आहेत. भोसरी-चाकणच्या एखाद्या छोट्या कारखानदाराने युरोपला बोल्ट पाठवले तर तिकडचा घेणारा विचारणार, यात किती कार्बन? याच्या शेडमध्ये धूर फारसा नाहीच, खरा कार्बन ज्या तारेपासून बोल्ट केला तिच्यात. तो आकडा तार विकणाऱ्याने द्यायचा. त्याने दिला नाही, तर युरोपने ठरवलेला तयार दर लागतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो, तुम्ही खरा आकडा द्यावा म्हणून. भातखाचराची गोष्ट परत आली ना? फरक इतकाच की तेव्हा बदनामी होती, आता बिल आहे.

आपल्या सरकारनेही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. मोठ्या कारखान्यांना लक्ष्य मिळतंय, त्यांचे आकडे तपासायला प्रमाणित तपासनीस लागतील. ही हजारो आकड्यांची नवी विहीर आहे. माझं म्हणणं, ही माहिती एका मंत्रालयाच्या कपाटात आणि राष्ट्रीय हिशेब दुसऱ्याच्या कपाटात असं होऊ देऊ नये. कारखान्याचा तपासलेला आकडा थेट राष्ट्रीय हिशेबात जायला हवा, आणि कुणी कोणता आकडा कधीपर्यंत द्यायचा हे कायद्याने ठरायला हवं. आज संस्था पत्रं पाठवतात, आठवणपत्रं पाठवतात, खाती सवडीने उत्तर देतात.

आपल्या राज्याचं बोलायचं तर मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा केला. त्यात २०१९ सालचा शहराचा हिशेब आहे, २ कोटी ३४ लाख टन. ७२ टक्के ऊर्जा, त्यातही मुख्यतः वीज, २० टक्के वाहतूक, ८ टक्के कचरा. चांगलं काम आहे. पण ते करायला बाहेरच्या संस्थेची मदत घ्यावी लागली. मदत घेण्यात कमीपणा नाही. प्रश्न पुढच्या वर्षीचा आहे. तोच हिशेब महापालिकेतला कनिष्ठ अभियंता स्वतः करू शकतो का? आणि मुंबईचं एक वेळ होईल, इचलकरंजीचं काय, परभणीचं काय?

शेतीत तर आपल्याकडे तयार हत्यार आहे. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी चालू आहे. शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन भरतो, फोटो टाकतो. ॲप अडकतं, रेंज नसते, शेवटच्या तारखेला सर्व्हर बसतो, सगळं खरं. तरी गटनिहाय पिकाची नोंद तयार होते. भातपट्ट्यात त्यात एकच प्रश्न वाढवा: हंगामात पाणी किती वेळा तोडलं? १६२, ६६ आणि १८ मधला फरक त्या एका प्रश्नात आहे. कर्जत आणि सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रांवर दर हंगामात पेट्या लावून मोजणी ठेवा, म्हणजे कोकणाच्या आणि झाडीपट्टीच्या भाताचा दर कटक किंवा दिल्लीवरून उसना घ्यायला नको.

उसाचंही सांगतो, कारण इथले निम्मे वाचक ऊसवाले. कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस जळतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड एकूण बेरजेत धरत नाहीत, कारण पुढचा ऊस तो परत शोषतो. पण फडात पाचट पेटवलं की त्यातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हिशेबात येतो. किती पाचट पेटतं याची नोंद कुणाकडे आहे? गृहीत धरलेल्या टक्केवारीवर काम चालतं. ज्यांनी पाचट कुट्टी करून सरीत ठेवायला सुरुवात केली, त्यांचं श्रेय या हिशेबात कुठेच दिसत नाही. उद्या त्यावर कार्बन क्रेडिट मागायला गेलात तर समोरचा पहिला प्रश्न हाच विचारेल, आधी किती पेटत होतं? हातात कागद नसेल तर मधला एजंट सांगेल तो आकडा मान्य करावा लागेल. गावोगाव हे एजंट फिरायला लागलेत, हे तुम्हाला माहीत आहेच.

एक आक्षेप नेहमी येतो. सगळं मोजून उघड केलं की परदेशी लोक तेच आपल्याविरुद्ध वापरतील. वापरतील ना. पण उपग्रह तुमची परवानगी मागत नाही. लपवायचा पर्याय संपलेला आहे, उरलाय तो फक्त आपला आकडा आधी आणि पुराव्यासह मांडण्याचा. आणि हो, गणिताचे तक्ते उघडे हवेत, नुसती अंतिम बेरीज नको. पॅरिस कराराखालच्या नव्या अहवालात मिथेनचं वजन कार्बन डायऑक्साइडच्या २१ पटीऐवजी २८ पट धरायचं आहे. एकही गाय न वाढता गोठ्याचा भार कागदावर एक तृतीयांशाने वाढणार. तक्ता उघडा नसेल तर उद्याची हेडलाइन काय असेल, विचार करा.

उभी केलेली यंत्रणा मोडतेही, हे अमेरिकेत दिसलं. ज्या ईपीएने कधीकाळी आपल्या भाताचा हिशेब केला, त्याच ईपीएने तयार केलेला अमेरिकेचा वार्षिक हिशेब एप्रिल २०२५ मध्ये ठरलेल्या तारखेला संयुक्त राष्ट्रांकडे गेलाच नाही. शेवटी तिथल्या एका पर्यावरण संस्थेने माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून तो मिळवला आणि लोकांसमोर ठेवला. तक्ते भरणारी माणसं जागेवर होती म्हणून अर्ज केल्यावर मिळण्यासारखं काहीतरी होतं तरी.

आता तुमच्याकडून एक काम हवंय. राज्यातल्या प्रत्येक महापालिकेला दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. बहुतेकांच्या वेबसाइटवर तो असतो, नसेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरे. आपल्या शहराच्या अहवालातलं घनकचऱ्याचं पान काढा. रोज किती टन कचरा येतो असं लिहिलंय, तो आकडा मागच्या तीन वर्षांत बदललाय की जसाच्या तसा उतरवलाय, आणि तो वजनकाट्यावरचा आहे की लोकसंख्येला गुणून काढलेला, एवढंच बघा. पानाचा फोटो आणि शहराचं नाव खाली टाका. वीस-पंचवीस शहरांची पानं जमली की त्यांचा तक्ता करून मी इथेच टाकतो.